१२० ग्रॅमचं पाकीट

बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पुड्यासोबत पूर्वी १२० ग्रॅमचं एक धाकटं पाकीट यायचं. साध्या, बिगर-बीटी सरकीचं. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातल्या आमच्या घरी ते कोनाड्यात पडून राहायचं आणि पावसाळा सरला की आई ते उकिरड्यावर टाकायची. ते शेताच्या कडेनं पेरायचं असतं असं पुड्यावर छापलेलं असे, मुंगीएवढ्या अक्षरांत. अक्षरं मोठी असती तरी काय झालं असतं म्हणा! जे अळी खाणार हे आधीच ठाऊक आहे, ते बी पदरच्या जमिनीत कोण घालील?

त्या पाकिटामागचा हिशेब अमेरिकेत मांडलेला होता. बीटीचं विष पचवून एखादी अळी वाचतेच. अशा दोन वाचलेल्यांचा जोडा जमला की त्यांची पिल्लंही तशीच निपजतात. शेजारी साधी कपाशी असेल तर तिथं वाढलेल्या साध्या पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि विषाची धार टिकते. थोडक्यात, थोडं पीक अळीला नैवेद्य म्हणून सोडायचं.

अमेरिकेत बीटी कपाशी १९९६ साली आली ती ही अट घेऊनच. तिथल्या पर्यावरण खात्यानं ती परवान्यातच घातली होती, आणि शेतकरी कंपनीशी लेखी करार करत होता. अ‍ॅरिझोनात तर कापूस उत्पादकांची स्वतःची परिषद आहे. गासडीमागे वर्गणी काढून ती चालते. कुणी हे साध्या कपाशीचं आश्रयाचं पीक पेरलं नाही, कुणी ठरल्या तारखेपर्यंत पऱ्हाट्या गाडल्या नाहीत, यावर तिथं नजर असे. २००६ पासून त्यांनी फिनिक्समध्ये वांझ केलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग वाढवून विमानांतून शेतांवर सोडले. खाण्यात लाल रंग मिसळल्यामुळे ते पतंग सापळ्यात वेगळे ओळखू येत. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी सरकारनं जाहीर केलं की आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाली.

त्याच्या आदल्याच हंगामात, २०१७ साली, आमच्या पट्ट्यात डोमकळ्याच डोमकळ्या होत्या. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : फूल उमलायचं म्हणून टपोरतं, पण आतली अळी पाकळ्या धाग्यानं शिवून टाकते. लांबून गुलाबाची कळी वाटावी, उकलून पाहिली तर आत अळी. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की पिवळी पडलेली कवडी. फवारणीवर फवारणी झाली. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली.

अळी तीच, जनुक तेच. आमच्याकडे परवानगी मिळाली २६ मार्च २००२ ला. २०१० मध्ये गुजरातेतली अळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही हे बियाणं कंपनीनंच सांगितलं. तोवर दोन जनुकांचं वाणही आलं होतं; अळीनं पुढं तेही पचवलं.

बियाण्याच्या मालकीची गोष्टही अशीच. अमेरिकेत कपाशीचे सरळ वाण पेरतात. त्यांची सरकी पुन्हा पेरली तर उगवेल, पण पेटंट आणि करार आडवे येतात. १९८० मध्ये आनंद चक्रवर्ती या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या जिवाणूवरून तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सजीवाचं पेटंट मान्य केलं आणि २०१३ मध्ये पेटंट असलेलं सोयाबीन राखून पेरणाऱ्या शेतकऱ्याविरुद्ध निकाल दिला. आपला २००१ चा कायदा शेतकऱ्याला बी राखायचा हक्क देतो. पण बीटी इथं आली ती संकरित वाणांतून. संकरित कपाशीची सुरुवात १९७० मध्ये सुरतेला एच-४ पासून झाली, आणि तिचं बी दुसऱ्या वर्षी तसं येत नाही. अमेरिकेत कुलूप कोर्टात आहे, आमच्याकडे सरकीच्या पोटात. त्यात हे संकरित वाण सहा-सहा महिने शेतात उभे राहतात, म्हणजे अळीला मुक्काम वाढवून मिळतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती हे किती वर्षांपासून सांगत आलेत.

म्हणजे अमेरिकेतून आमच्याकडे आलं ते बी. खातं, करार, वर्गणी, तपासनीस यांतलं काही आलं नाही. ती जागा कृषी केंद्रवाल्यानं भरली. डॉक्टर तोच, सावकारही तोच. त्याला मी खलनायक म्हणणार नाही. रात्री आठ वाजता शेतकऱ्यासाठी दार उघडं ठेवणारा गावात दुसरा कोण आहे?

अमेरिकेशी आमचा संबंध तसा जुना. १८६१ ते ६५ च्या तिथल्या यादवीत मँचेस्टरचा कापूस अडला, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचलेली रेल्वे मात्र राहिली.

तंत्र कुणाच्या सोयीनं आणायचं, हा प्रश्न इथं पूर्वीही विचारला गेला होता. वर्ध्याच्या गांधीवाल्यांना यंत्राचं वावडं होतं असं आपण सहज बोलून जातो. पण १९२९ मध्ये चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, त्याच्या अटी वाचाव्यात. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, वीस वर्षं टिकला पाहिजे, बाईला फारसं न थकता आठ तास चालवता आला पाहिजे. आधी झोपडीतली बाई आणि मग यंत्र, असा तो क्रम. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पुढं कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत बसून हाच क्रम तेलघाणीला, कागदाला, गुळाला लावत राहिले. या लोकांची खादी मला जाडीभरडी वाटते, पण त्या अटी नाही.

आता बिगर-बीटी बी त्याच पुड्यात मिसळून येतं. कोनाडा मोकळा झाला. तपासनिसाचं कामच उरलं नाही. राहिली फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही शेतात उभी ठेवलेली कपाशी. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. गेल्या पौषात मीही काकांना तेच शहाणपण सांगायला गेलो. ते धुऱ्यावर उभे होते. फरदडीतून निघणाऱ्या क्विंटलभर कापसावर दुकानाची उधारी फिटायची होती, पण ते त्यावर बोललेच नाहीत. हातातल्या तुराटीनं त्यांनी धुऱ्यापलीकडे दाखवलं.

"मी उपटतो ना. आजच उपटतो. पण थे पाह्य, त्याची तं मार्चपर्यंत उभी राह्यते. पाखरू का सातबारा पाहून उडते बाबू?"