पेशीचें मरण आणि त्याग

माघांत वाशिमकडे गव्हाच्या शेतांतून हिंडतांना पानें उलटून तांबेरा पाहण्याची आम्हांस खोड आहे. एका वाणाच्या पानावर बोट फिरवितांच तांबूस भुकटी लागते; शेजारच्या निराळ्या वाणावर मात्र टाचणीच्या टोकाएवढे वाळके ठिपके दिसतात, आणि बाकीचें पान हिरवेंगार. तांबेरा या दुसऱ्या पानांतही शिरलेला असतो. पण ज्या पेशींस तो स्पर्श करतो, त्या तत्काळ मरतात. मरणाची ही तरतूद त्यांच्या घडणींतच असते. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवरच पोसली जात असल्यामुळें तिची उपासमार होते. मार्शल वॉर्डनें गवतावरील तांबेऱ्यांत हें १९०२ सालीं पाहिलें. स्टॅकमननें १९१५ मध्यें त्यास अतिसंवेदनशीलता म्हटलें.

केवढा हा त्याग, असें कोणीही चटकन् म्हणेल. कुळासाठीं एकानें झिजावें, हें आपल्या घरांत लहानपणापासून शिकवितात. आम्हांस मात्र हा शब्द येथें खटकतो. त्याग करणाऱ्यास नकार देण्याची मुभा हवी. पेशीस ती कोठें आहे? शिवाय खरें नवल मरण्यांत नसून थांबण्यांत आहे. मरणारी पेशी शेजारणींस इशारा देते. त्या आपल्या भिंती बळकट करतात, पण जगतात. हा लगाम सुटला तर काय होतें, तें मोहरीच्या कुळांतील एका रोपाच्या सदोष वाणांत १९९४ सालीं दिसलें : एका ठिकाणीं सुरू झालेलें मरण, शत्रू नसतांही, सारें पान व्यापतें.

आणि सर्वच शत्रू जिवंत पेशी खात नाहींत. हरभऱ्यासही ग्रासणारी करडी बुरशी मेलेल्या पेशींवरच माजते. रोपानें स्वतःच्या पेशी मारणें तिच्या पथ्यावरच पडतें, असें गोव्रिन व लेव्हिन यांनीं २००० मध्यें दाखविलें.

हें सारें मनांत घोळूं लागलें तें त्याच भागांतील एका घरामुळें. दुष्काळाच्या सालीं तेथें थोरल्या मुलीची शाळा सुटली; धाकट्या भावांची चालू राहिली. पुढल्या सालीं पाऊस चांगला झाला, पण तिला शाळेंत परत कोणीं धाडलें नाहीं. तिच्या त्यागाचें कौतुक घरांत आजही चालतें. "तिला विचारलें होतें काय?" असें आम्हीं तिच्या वडिलांस एकदां विचारलें.

"त्यांत विचारायचें काय?" ते म्हणाले. त्यांच्या स्वरांत राग नव्हता, नुसतें आश्चर्य होतें.