दुर्मिळता, प्रत आणि संग्राहकाची इच्छा

दुर्मिळ वस्तूवरील प्रेम हे त्या वस्तूवरील असते की तिच्या दुर्मिळतेवरील, हा प्रश्न संग्राहकवृत्तीच्या विवेचनात सहसा टाळला जातो. वॉल्टर बेंजामिनच्या चिंतनात संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या जोखडातून सोडवतो. ही सुटका कोणत्या अटीवर होते, हे मात्र ठोस उदाहरणावरच तपासता येईल. सोन्याच्या जुन्या क्रोनोग्राफ मनगटी घड्याळांचा संग्रह हे तसे उदाहरण आहे.

जिनीव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीने १९४१ मध्ये १५१८ क्रमांकाचे घड्याळ विक्रीस आणले. क्षण मोजणारा क्रोनोग्राफ आणि लीप वर्षाचाही हिशेब ठेवणारी दिनदर्शिका यांचा संयोग मालिकेने तयार होणाऱ्या मनगटी घड्याळात येथे प्रथम झाला. पुढच्या सुमारे तेरा वर्षांत अशी अवघी २८१ घड्याळे तयार झाली असे मानले जाते. त्यांतील बहुतेक पिवळ्या सोन्याची, काही गुलाबी सोन्याची. पोलादाची ज्ञात चारच. २०१६ मध्ये जिनीव्हाच्या लिलावात यांतील एका पोलादी घड्याळाला १ कोटी १० लाख स्विस फ्रँक आले. पिवळ्या सोन्याची भावंडे एरवी याच्या कितीतरी खाली राहतात. येथे धातूचे मोल जवळजवळ निरर्थक ठरले असून त्याची जागा निव्वळ संख्येने घेतली आहे.

संग्राहकांची परिभाषा साहित्याच्या अभ्यासकाला विलक्षण परिचित वाटेल. सोने मऊ असते. प्रत्येक झिलईबरोबर घड्याळाच्या कडा बोथट होतात, शुद्धतेचे ठसे पुसट होतात. म्हणून चकचकीत केलेल्या घड्याळापेक्षा ओरखडे मिरवणारे, पण कोणाचा हात न लागलेले घड्याळ श्रेष्ठ मानले जाते. नव्याने रंगवलेली तबकडी म्हणजे प्रक्षेप. कंपनीच्या दप्तरातून मिळणारा निर्मिती व विक्रीच्या तारखांचा उतारा हस्तलिखिताच्या पुष्पिकेचे काम करतो. थोडक्यात, ही पाठचिकित्साच आहे, आणि ती पुष्कळदा आपल्याकडील संपादनांहून अधिक काटेकोरपणे केली जाते.

साम्य येथे संपते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा १२५९ हस्तलिखिते पडताळली गेली. त्या संपादकांना आणखी एक जुने हस्तलिखित सापडणे हा लाभच होता. पाठ निश्चित करण्यास आणखी एक साक्षीदार मिळाला असता. पोलादी घड्याळाच्या मालकाला पाचवे घड्याळ सापडणे हे संकट वाटेल. दोघांचेही ज्ञान तेच, साक्षेपही तोच; इच्छा मात्र परस्परविरुद्ध.

यावर असा आक्षेप येईल की संग्राहक नसता तर या वस्तू उरल्याच नसत्या. तो खरा आहे. १९७० च्या दशकात क्वार्ट्झने यांत्रिक घड्याळे कालबाह्य ठरवली; जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढले, आणि सोन्याची कितीतरी जुनी घड्याळे, विशेषतः खिशातली, मुशीत गेली. ज्याने आपले घड्याळ सोनाराकडे नेले नाही त्याने काहीतरी वाचवलेच. पण मुशीत गेलेल्यांमुळेच त्याच्या घड्याळाचे मोल वाढले, हेही तितकेच खरे. तो या नाशाला कारण झाला नाही. तरीही तो नाश झाला नसता तर बरे, असे त्याला मनापासून म्हणता येईल काय? नीतीचा प्रश्न येथे कृतीचा नसून इच्छेचा आहे. आणि प्रेम कशावर आहे हे शेवटी इच्छेवरूनच ओळखावे लागते.

इच्छा खाजगी असते असे म्हणून हा प्रश्न सोडून देता आला असता. परंतु या क्षेत्रात नव्याने पुढे आलेली वस्तू अस्सल की बनावट, हे ठरवू शकणारी माणसे मूठभर आहेत, आणि त्यांपैकी अनेक जण स्वतः संग्राहक वा विक्रेते आहेत. पाचवे पोलादी घड्याळ उद्या खरोखरच समोर आले, तर त्याच्या अस्सलपणाचा निर्णय देताना त्यांना आपल्या तिजोरीतील घड्याळाविरुद्ध साक्ष द्यावी लागेल.