भयाची कैफियत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनी अध्यक्षपदाची निवडणूक येते, आणि तिच्या आगेमागे त्या अफाट देशातील सामान्य माणसाच्या मनात एरवी विखरून पडलेली भये, कोणाला नोकरी जाण्याचे, कोणाला आजारपणाच्या खर्चाचे, कोणाला परकीय शत्रूचे, एका जागी गोळा होऊन वाचा शोधू लागतात. त्या भयांची कैफियत वृत्तपत्रे लिहून काढतात, दूरचित्रवाणी ती घरोघर वाचून दाखवते, आणि शेवटी एखादा उमेदवार तिच्याखाली आपली सही करून ती मतदारापुढे ठेवतो. या व्यवहारात मूळ भय बहुधा खरे असते. कैफियतीत नोंदलेले कारण मात्र पुष्कळदा दुसरेच असते. माझे म्हणणे असे, की या चुकीच्या नोंदीने होणारे मोठे नुकसान मतमोजणीच्या दिवशी नजरेस येत नाही. निवडून आलेला मनुष्य त्या कैफियतीला बांधला जातो, आणि जे कारण मुळात अस्तित्वातच नव्हते त्याच्या निवारणार्थ राज्याचा खजिना, सैन्य आणि कायदा कामाला लावतो, तेव्हा ते नुकसान उघडे पडते.

वृत्तपत्रांविरुद्धची नेहमीची फिर्याद याहून निराळी आहे. ती मतदाराची मते फिरवतात, असा तिचा आशय असतो. आणि ही फिर्याद कितीही जुनी असली तरी पुराव्याच्या कसोटीला ती फारशी उतरलेली नाही. १९४० साली रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात लढत चालू असताना समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी काउंटीत त्याच त्या मतदारांना अनेक महिने पुन्हापुन्हा गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि प्रचारामुळे एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेलेली माणसे त्यांना अगदी थोडी आढळली. बहुतेकांचे आधीचेच मत प्रचाराने पक्के झाले होते. पुढे १९६८ च्या निवडणुकीत मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल या गावी, मत कोणाला द्यावे याचा निश्चय न झालेल्या १०० मतदारांना देशापुढील महत्त्वाचे प्रश्न विचारले, आणि त्यांनी सांगितलेल्या प्रश्नांचा क्रम वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्या प्रश्नांना दिलेल्या जागेच्या क्रमाशी विलक्षण जुळला. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून पाहिले म्हणजे वृत्तपत्राच्या सामर्थ्याची मर्यादा आणि व्याप्ती दोन्ही समजतात. मत कोणाला द्यावे हे ते ठरवू शकत नाही; पण कशाला भ्यावे, हे ते पुष्कळ अंशी ठरवू शकते.

या अधिकाराचा सर्वांत बोधप्रद दाखला मला १९६० च्या निवडणुकीत दिसतो. त्याची सुरुवात तीन वर्षे आधी झाली होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुट्निक हा कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला, आणि दोन महासागरांच्या आड आपण सुरक्षित आहोत या अमेरिकन माणसाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेला पहिल्यांदा तडा गेला. जे अस्त्र उपग्रह वर नेऊ शकते ते अणुबाँब वॉशिंग्टनवर आणून टाकू शकेल, हा तर्क कोणालाही कळण्याजोगा होता आणि तो चुकीचाही नव्हता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अध्यक्ष आयसेनहॉवर यांना देशाच्या संरक्षणसिद्धतेचा आढावा घेणाऱ्या गेथर समितीचा गुप्त अहवाल सादर झाला आणि डिसेंबरात त्यातला गाभा ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापला. त्यानंतर जोसेफ अल्सॉप यांच्यासारखा वजनदार स्तंभलेखक आणि स्टुअर्ट सिमिंग्टन यांच्यासारखे सेनेटर असे बजावू लागले, की लवकरच रशियाजवळ अमेरिकेच्या कितीतरी पट आंतरखंडीय क्षेपणास्त्रे असतील, आणि या दोन संख्यांमधील दरीत देशाचा नाश लपलेला आहे. कारखान्यांतून क्षेपणास्त्रे धडाधड बाहेर पडत असल्याची बढाई सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह मारत होते, तिनेही या म्हणण्याला बळ दिले. ‘क्षेपणास्त्रांची तफावत’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी झाला, आणि १९६० च्या प्रचारात जॉन केनेडी यांनी तो हाती घेतला.

ही तफावत नव्हती. म्हणजे तफावत होती, ती उलट दिशेने. क्षेपणास्त्रे अमेरिकेकडे अधिक होती. आयसेनहॉवर यांना याचा बराच अंदाज होता, कारण १९५६ पासून यू-२ ही टेहळणी विमाने सोव्हिएत भूमीवरून छायाचित्रे घेत होती. परंतु ही विमाने अस्तित्वात आहेत हेच कबूल करता येत नसल्यामुळे त्या छायाचित्रांचा हवाला त्यांना लोकांपुढे देता येत नव्हता. १ मे १९६० रोजी रशियाने त्यांतले एक विमान पाडले आणि गुपित फुटले, तरीदेखील अध्यक्षांनी आकडे उघड केले नाहीत. सरकारी दप्तरातही एकवाक्यता नव्हती. हवाई दलाचे अंदाज मोठे होते, भूदल आणि नौदलाचे लहान, आणि ज्या खात्याला नव्या अस्त्रांसाठी पैसा हवा होता त्याचा आकडा मोठा असावा यात मानवी स्वभावाला धरूनच सारे होते. अल्सॉप यांनी जाणूनबुजून असत्य लिहिले असे मी म्हणणार नाही. त्यांचा विश्वास प्रामाणिक होता, आणि म्हणूनच हे प्रकरण मला अधिक चिंतनीय वाटते: ज्यांच्याकडून त्यांना माहिती मिळत होती त्यांचा त्या माहितीत कोणता स्वार्थ गुंतला आहे, याची रुजुवात त्यांनी पुरेशा कठोरपणे केली नाही, आणि सरकारचे मौन हा त्यांना अपराधाचा पुरावा वाटला.

पण लोकांनी यावर विश्वास का ठेवला? केवळ स्पुट्निकमुळे, असे उत्तर मला अपुरे वाटते. १९५७-५८ च्या मंदीतून देश सावरतो न सावरतो तोच १९५९ च्या पोलाद कामगारांच्या प्रदीर्घ संपाने उद्योगधंदे खिळखिळे केले होते, आणि १९६० च्या वसंतात दुसरी मंदी सुरू होऊन निवडणुकीच्या ऐन दिवसांत बेकारांची संख्या वाढत होती. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणींत यंत्रांनी माणसांची जागा घेतली होती, आणि त्या राज्यात मे महिन्यातील पक्षांतर्गत निवडणुकीसाठी फिरताना केनेडींनी जे दारिद्र्य पाहिले त्याने ते हादरून गेले, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. आपला देश मागे पडत आहे, आपल्या मुलांच्या वाट्याला आपल्यापेक्षा कमी येणार आहे, ही भावना अनेक कारणांनी साचत आलेली होती आणि तिला एक ठळक आकृती हवी होती. खाणमजुराची बेकारी आकडेवारीत दडलेली असते. क्षेपणास्त्र डोळ्यांपुढे उभे राहते. वृत्तपत्रांनी जी आकृती पुढे केली तीच त्या भावनेने धारण केली, आणि पोटापाण्याची एक काळजी संरक्षण खात्याच्या हिशेबात जमा झाली.

केनेडी निवडून आले. सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांत त्यांचे आधिक्य सव्वा लाखाच्याही आत होते, तेव्हा अमुक एका गोष्टीनेच ते विजयी झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ६ फेब्रुवारी १९६१ रोजी, म्हणजे नवे सरकार अधिकारारूढ होऊन तीन आठवडेही झाले नसताना, संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी वार्ताहरांच्या बैठकीत अशी तफावत दिसत नाही असे सांगून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी एवढा गहजब झाला की व्हाइट हाउसला सारवासारव करावी लागली. सप्टेंबरातील गुप्त अंदाजात रशियाच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्या प्रक्षेपकांची संख्या अवघी १० ते २५ धरली होती. आता तर्काला अनुसरून शस्त्रवाढीचा कार्यक्रम आखडता घ्यायला हवा होता. तसे घडले नाही. मार्च १९६१ मध्येच पोलारिस पाणबुड्यांचा आणि मिनटमन क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम वाढवण्यात आला होता, आणि पुढे मिनटमनची संख्या १००० वर जाऊन थांबली. ज्या तफावतीवर इलाज म्हणून हे सारे मागितले होते ती नाहीशी झाली तरी इलाज चालू राहिला, कारण जनतेपुढे दिलेला शब्द मागे घेण्याइतके राजकीय बळ काठावर विजयी झालेल्या कोणत्याही अध्यक्षापाशी नसते. २१ ऑक्टोबर १९६१ रोजी उपसंरक्षणमंत्री रॉझवेल गिलपॅट्रिक यांनी अमेरिकेचे वर्चस्व जाहीर भाषणात सांगितले. आता भिण्याची पाळी मॉस्कोची होती. आणि वर्षभरात क्यूबामध्ये रशियन क्षेपणास्त्रे ठेवली गेली, त्यामागे ही विषमता भरून काढण्याचाही एक हेतू होता, असे अनेक इतिहासकार मानतात. निवडणुकीच्या सभांतून फिरलेले एक चुकीचे कारण मानवजातीला ऑक्टोबर १९६२ मधील त्या विनाशाच्या कड्याकडे नेणाऱ्या कारणांपैकी एक ठरले, हे मला विसरता येत नाही.

त्याच निवडणुकीची जी आठवण लोकांत उरली ती मात्र दुसरीच आहे. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत झालेला दूरचित्रवाणीवरील पहिला वादविवाद, केनेडींचे आजारातून उठलेले प्रतिस्पर्धी निक्सन यांचा फिकट चेहरा, ज्यांनी रेडिओवर ऐकले त्यांना निक्सन सरस वाटले आणि ज्यांनी पाहिले त्यांना केनेडी, ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. तिचा आधार एका व्यापारी संस्थेची पाहणी होती, आणि १९८७ मध्ये दोन अभ्यासकांनी तपासून पाहिले तेव्हा तो आधार अपुरा ठरला. चेहऱ्याची गोष्ट वृत्तपत्रांना सांगायला सोपी आणि निरुपद्रवी होती. तफावतीची गोष्ट सांगायची तर स्वतःच्याच दप्तराची झडती घ्यावी लागली असती.

हा इतिहास साठ वर्षांपूर्वीचा म्हणून बाजूला ठेवण्याची सोय नाही. २०२४ च्या निवडणुकीत महागाईविषयी जे लिहिले गेले ते पाहावे. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता, आणि निवडणुकीच्या आधीच्या सप्टेंबरात तो २.४ टक्क्यांवर आला. प्रतिष्ठित वृत्तपत्रांतून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की संकट सरले आहे आणि लोकांची तक्रार ही केवळ भावना आहे. पण दर उतरला याचा अर्थ किमती उतरल्या असा होत नाही. त्या वाढण्याचा वेग मंदावला, एवढाच त्याचा अर्थ. किराणा चार वर्षांपूर्वीपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने महागच राहिला होता, आणि घरासाठीच्या कर्जाचे व्याज तीन टक्क्यांवरून सातच्या आसपास गेले होते. गृहिणी आपल्या वहीतला हिशेब सांगत होती आणि तिला तिच्या मनाचे विश्लेषण ऐकवले जात होते. ज्याची खरी तक्रार सभ्य वर्तुळात भ्रम ठरवली जाते तो मनुष्य, ती तक्रार मान्य करणारा जो पहिला भेटेल त्याने सांगितलेले कोणतेही कारण स्वीकारतो, आणि मग ते कारण परदेशातून आलेला शेजारी हे असले तरी त्याला ते पटते.

ओहायोतील स्प्रिंगफील्डमध्ये हेच झाले. सुमारे ५८ हजार वस्तीच्या या गावात कारखान्यांतील कामाच्या ओढीने थोड्या वर्षांत हैतीहून आलेले हजारो लोक वस्तीला आले. गावच्या अधिकाऱ्यांचा अंदाज १२ ते २० हजारांचा होता, आणि त्यांतले बहुसंख्य कायद्याच्या संमतीने तेथे राहत होते. गावाला खरा त्रास होता. घरभाडी वाढली होती, दवाखान्यांत रांगा लागत होत्या, शाळांत दुभाषे पुरत नव्हते, आणि २०२३ मध्ये एका नवागताच्या मोटारीने शाळेच्या बसला दिलेल्या धडकेत एक मुलगा मृत्युमुखी पडला होता. त्याच्या वडिलांनी नगरसभेत उभे राहून, आपल्या मुलाच्या मरणाचा राजकारणासाठी वापर करू नका, अशी विनवणी केली. जुलै २०२४ मध्ये नगर-व्यवस्थापकाने सेनेटरांना पत्र लिहून घरांच्या टंचाईकडे लक्ष वेधले होते. त्या पत्राने देश हलला नाही. १० सप्टेंबर रोजी अध्यक्षीय वादविवादात, हे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरे खातात, असे विधान डोनाल्ड ट्रम्प यांनी केले, तेव्हा देश हलला. विश्वासार्ह पुरावा कोठेच नव्हता; तरी पुढच्या दिवसांत गावात बाँबच्या ३० हून अधिक खोट्या धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या.

वृत्तपत्रांनी हे विधान खोटे आहे असे ठणकावून सांगितले आणि ते योग्यच केले. पण खंडनाचा विषयदेखील मांजरेच राहिली. ज्यांच्याविषयी ही सगळी चर्चा चालली होती त्यांतील बहुतेकांना मताधिकार नव्हता, जसा तो तात्पुरत्या परवान्यावर अमेरिकेत नोकरी करणाऱ्या, पुण्या-नागपुरातून गेलेल्या आपल्या अभियंत्यांनाही नाही. त्यामुळे हैतीच्या या लोकांचे भय कोणत्याच उमेदवाराच्या कामाचे नव्हते. ओहायोचे राज्यपाल माइक डिवाइन हे स्वतः ट्रम्प यांच्याच पक्षाचे आणि स्प्रिंगफील्डमध्येच जन्मलेले; त्यांनी ही अफवा जाहीरपणे नाकारली, आणि त्याच सुमारास गावातील आरोग्यसेवेसाठी २५ लाख डॉलरची तरतूद करून वाहतुकीवर देखरेखीसाठी राज्याचे पोलीस धाडले. खरी तक्रार ओळखून केलेली कृती या प्रकरणात मला दिसते ती ही, आणि राष्ट्रीय वृत्तपत्रांच्या वार्ताहरांनी तिचा पाठपुरावा मांजरांच्या अफवेइतक्याच चिकाटीने करायला हवा होता: त्या रकमेतून किती दुभाषे आणि परिचारिका नेमल्या गेल्या, दवाखान्यातील रांग किती आखूड झाली, गावात नवी घरे कोण बांधणार आणि ती कोणाला परवडणार, आणि ज्या कारखान्यांना या मजुरांमुळे नफा झाला त्यांनी त्या घरांच्या खर्चाचा किती वाटा उचलला.