ओळख

बँकेत खातं उघडायला हल्ली आधार लागतं, अंगठा लागतो आणि एक फोटो लागतो, ज्यात माणूस नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. माझ्या नोकरीच्या काळात यातलं काही लागत नसे. एक माणूस लागे. ज्याचं आधीच खातं आहे अशा कुणीतरी फॉर्मवर ‘मी ह्यांना अमुक वर्षे ओळखतो’ असं लिहून खाली सही ठोकायची. याला ‘ओळख देणं’ म्हणत. वाणी गिऱ्हाइकाला ओळख देई, घरमालक भाडेकरूला देई, मग दोघांचं बोलणं का बंद असेना! मी स्वतः शेकडो लोकांना ओळख दिली. त्यांतले निम्मे रस्त्यात भेटते तर मी ओळखलंही नसतं. फक्त एकदा, जिला मी चांगलं ओळखत होतो, तिला दिली नाही.

साल १९७३. शाखेतल्या एकाला बढती मिळाली. बढतीचा रिवाज म्हणजे बटाटेवडा आणि चहा. पण या गृहस्थानं जेवणाच्या सुट्टीत दबक्या आवाजात एकच शब्द उच्चारला, “कॅबरे.” आम्ही पाचजण तयार झालो. फोर्टात, कुलाब्याला, चर्चगेटला तेव्हा अशी हॉटेलं होती. मुंबईत १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा होता, त्यामुळे पिणाऱ्याला परमिट लागे. आमच्या पाचांत एकाचंच परमिट होतं, तेही प्रकृतीच्या कारणावरून. घरी मी सांगितलं की ऑडिट आहे. ते एका अर्थी खरं ठरलं.

आत अंधार, आणि अंधारात गोव्याचा बँड. मुंबईतल्या हॉटेलांचं संगीत पिढ्यान्पिढ्या या गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनीच सांभाळलं. त्यातले कितीतरी दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. म्हणजे ज्या व्हायोलिनवर दुपारी आमच्या घरच्या बायका रेडिओपुढे डोळे पुसत, तेच रात्री इथे आमच्या सेवेला! एवढ्यात माइकवर घोषणा झाली, “डायरेक्ट फ्रॉम पॅरिस!” आणि ती आली. नाचत नाचत आमच्या टेबलाशी थांबली, माझ्या नाकावरचा चष्मा उचलला आणि स्वतःच्या नाकावर चढवून पुढे गेली. त्यामुळे उरलेला नाच मला धुक्यासारखा दिसला. हा मुद्दा मी पुढे स्वतःपाशी बचावासाठी पुष्कळदा वापरला आहे.

हॉटेल शाखेपासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. याचा अर्थ काय होतो ते पाच हिशेबनीसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. पुढच्या सोमवारी साडेअकराला माझ्या खिडकीशी वॉइलच्या पाचवारी साडीतली एक बाई उभी राहिली. तेल लावून घातलेली वेणी, हातात रेशनकार्ड.

“बचत खातं उघडायचंय.”

थेट पॅरिसहून आलेल्या बाईच्या मानानं मराठी फारच स्वच्छ होतं. हेल मालवणी. फॉर्मवरचं नाव इतकं साधं की आमच्या वाडीत त्या नावाच्या दोघी होत्या. पत्ता परळचा. ‘व्यवसाय’ या रकान्यात तिनं ‘नोकरी’ लिहिलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

“ओळख कुणाची?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. “चष्मा तोच आहे वाटतं,” ती हळूच म्हणाली. हसली नाही, डोळे मोडले नाहीत. जिन्यात भेटलेली शेजारीण बोलते तशी बोलली.

आम्ही पाचहीजण त्या दिवशी हजर होतो. पाचांचीही खाती त्याच शाखेत. बढतीवाल्यानं लेजरमध्ये असं डोकं घातलं की ते पान त्याला नाकानं वाचायचं असावं. मी म्हणालो, “बाई, खातेदाराची ओळख आणावी लागेल. नियम आहे.”

नियम खराच होता. आयुष्यात मी जेव्हा जेव्हा भ्यालो तेव्हा एखादा नियम जवळपास सापडलाच आहे.

त्या रात्री झोप लागेना. तिचं मी काय लागत होतो? नाच पाहिला, त्याचे पैसे चुकते केले, वर वेटरला टिप दिली. हिशेब मिटला. हॉटेलातून बाहेर पडताना इडलीवाल्याला आपण जन्माची ओळख देऊन येत नाही. पण इडलीवाला रस्त्यात दिसला तर मी तोंडही फिरवत नाही, हेही खरं. शिवाय त्या रकान्यात लिहिणार काय? ‘केव्हापासून ओळखता’, तर गेल्या मंगळवारपासून. नुसती तोंडओळख म्हणावी, तर तोंडाकडे पाहिलं होतं कोणी!

हेलनला आम्ही सहकुटुंब पाहायचो. १९७१ सालच्या ‘कारवाँ’ला तर सासूबाई बरोबर होत्या आणि त्यांनी नाचाची तारीफही केली. पुढे २००९ मध्ये हेलनला पद्मश्री मिळाली तेव्हा घरात आनंद झाला. पडद्यावरच्या बाईची एक सोय असते, ती सोमवारी काउंटरवर येत नाही.

तिच्या त्या ‘पॅरिस’मुळे पुढे मला पॅरिसच्या कॅबरेबद्दल वाचायचा नाद लागला. १८८१ मध्ये रोदोल्फ सालीस यानं माँमार्त्रला ‘काळं मांजर’ नावाचा कॅबरे काढला, तिथे कवी आपल्या कविता म्हणत. कॅबरेत असं कविसंमेलन भरायचं, हे वाचल्यावर लोक पुढे नाचाकडे का वळले ते मला समजलं. १८८९ मध्ये, आयफेल मनोरा उभा राहिला त्याच वर्षी, मूलाँ रूझ निघालं. तिथली राणी लुईझ वेबर. गिऱ्हाइकांचे पेले ती घटाघटा रिकामे करी म्हणून तिचं नाव पडलं ‘ला गूल्यू’, म्हणजे अधाशी. पाय असा उंच फेकी की पुरुषांच्या टोप्या उडत. १८९१ साली तुलूझ-लोत्रेकनं काढलेलं तिचं पोस्टर मी पुस्तकात पुष्कळ वेळ पाहत बसलो. नाचणारी उजेडात, आणि मागे प्रेक्षकांची रांग, सगळ्या नुसत्या काळ्या सावल्या. टोप्या दिसतात. चेहरा एकालाही नाही.

हीच बाई अखेरच्या दिवसांत मूलाँ रूझच्या आसपास रस्त्यावर शेंगदाणे विकत असे. १९२९ मध्ये वारली. पुडी घेणाऱ्यांत एखादा तरी जुना टोपीवाला असणारच. त्यानं काय केलं असेल याची मला अगदी स्वच्छ कल्पना आहे. सुटे पैसे मोजून दिले असतील.

आपल्याकडे २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली. तीन तारे आणि त्याहून वरच्या हॉटेलांना ती लागू नव्हती. तारे वाढले की नीतीला धोका कमी होत असावा. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी अमान्य ठरवली. मधल्या वर्षांत नाचणाऱ्या बायकांचं काय करावं यावर पेपरांतून रकानेच्या रकाने आले. पाहणाऱ्यांबद्दल कोणी काही विचारलं नाही. ते ऑडिटला गेले असणार.

ती गुरुवारी परत आली. बरोबर बँडमधला ड्रमवाला होता. धुवट शर्ट, गळ्यात क्रूस, आणि खातं आमच्याच शाखेत. त्यानं रकान्यात ‘६ वर्षे’ लिहिलं आणि सही केली. काही गरज नसताना मी विचारलं, “कसे ओळखता?”

“सायबा, रोज तिच्या पावलावर माझी काठी पडते,” तो म्हणाला. “मी नजर काढली तर ती पडेल.”

मी पैसे घेतले. दहादहाच्या नोटा, काही उभ्या बारीक घडीच्या. त्यांत एखादी आमच्या टेबलावरचीही असू शकत होती. दोनदा मोजल्या, बरोबर भरल्या. पासबुक लिहिलं, शिक्का मारला आणि खिडकीतून पुढे केलं.

तिनं ते उघडून वाचलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. मी आडनाव चुकीचं लिहिलं होतं.