बंद करून दाखय

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर पर्यटकांची एक होडी अडून बसली होती. स्टार्टर फिरायचा, पण ठिणगी पडेना. आयटीआय करून आलेल्या पोराने कव्हर काढलं, वायरी चाचपल्या आणि मशीनकडून किल्लीच्या स्विचकडे जाणारी पांढरी वायर सुटी केली. मशीन लगेच धडधडलं.

“झाला मा चालू!” होडीवाला खूश. “चला, गिऱ्हायकां थांबली हत.”

“आता बंद करून दाखय,” म्हातारे मेस्त्री म्हणाले.

पोराने किल्ली फिरवली. मशीन चालूच. मेस्त्रींनी स्विचात अडकवलेली लाल दोरी उपटली. तरी चालूच. पोरगा बॅटरी सोडवायला वाकला, तेव्हा त्याचा हात धरून मेस्त्रींनी चोक ओढला. मशीन गुदमरून थांबलं.

मोटारगाडीची किल्ली वीज तोडते. या मशीनचं उलट आहे. ठिणगीची वीज फ्लायव्हीलखाली तयार होते, बॅटरी असते स्टार्टरसाठी. मशीन थांबवायचं तर पांढरी वायर अर्थला टेकवावी लागते. दोरीचा स्विच खाऱ्या हवेने आतून हिरवा पडून कायमचा अर्थ झाला होता, म्हणून ठिणगी मरत होती. पोराने दोष तसाच ठेवून मशीन थांबवायची सोयच काढून टाकली होती. आणि सुटलेली ही वायर चालत्या मशीनवर कळतही नाही.

होडी चालवणारा तांडेल पाण्यात फेकला गेला, तर रिकामी होडी गोल फिरून पंख्यासकट त्याच्याच अंगावर येऊ शकते. मनगटाला बांधायची दोरी असते ती त्यासाठी.

“मेस्त्रीनू, मोसम चार दिवसांचो,” होडीवाला कळवळला. त्याचं खोटं नव्हतं. तरी ती फेरी दुसऱ्या होडीला गेली.

मेस्त्रींनी दोरीचा नवा स्विच किल्लीच्या स्विचला समांतर जोडला, म्हणजे दोहोंपैकी कुणीही एकट्याने मशीन थांबवावं. अर्थचा बोल्ट पॉलिश पेपरने लख्ख घासला. पांढऱ्या वायरीला बॅटरीचे १२ व्होल्ट लागले तर ठिणगी पाडणारं सीडीआय युनिट जळेल, हे पोराला बजावलं. मशीनकडची जोडणी सोडवून मीटर लावला. किल्ली बंद: बीप. किल्ली चालू: गप्प. दोरी ओढली: बीप. मग वायर जोडून मशीन चालू केलं, एकदा किल्लीने थांबवलं, एकदा दोरीने, आणि मगच मजुरी घेतली.

तुमच्या होडीवरची दोरी उद्या सकाळी, होडी किनाऱ्याला बांधलेली असतानाच, ओढून पाहा. मशीन थांबलं नाही, तर माणसं चढवू नका.