नरक्याची किंमत

आमच्या चंदगड-आंबोलीच्या रानात नरक्या म्हणून एक लहानखुरं झाड आहे. नाव उगाच पडलेलं नाही. फांदी मोडा, वास नाकात बसतो. आमच्या घरात त्याचं जळणसुद्धा कधी आलं नाही. कुणाला नको होतं, म्हणून ते सुखात होतं.

मग त्याच्यात कॅम्प्टोथेसिन सापडलं. हे द्रव्य आधी एका चिनी झाडात मिळालं. 1966 साली अमेरिकेत वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते वेगळं काढलं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. चिनी लोक त्या झाडाला आनंदाचं झाड म्हणतात. 1972 ला गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं. गुण एकच, एकाला आनंद म्हटलं, दुसऱ्याला नरक!

पेशी वाढताना तिच्यातला धागा तुटतो आणि परत सांधला जातो. हे द्रव्य तो सांधूच देत नाही, पेशी मरते. कॅन्सरची पेशी भराभर वाढते, म्हणून तिला जास्त बाधतं.

गुण कळला आणि कुऱ्हाडी आल्या. रात्री खोडं तोडून, मुळ्या उपसून माल जाऊ लागला. पकडला जातो तो तोडणारा मजूर. घेणारा कुठं असतो, कुणास ठाऊक.

लोक म्हणतात, रानातलं रानात राहू द्या. मला तसं म्हणता येत नाही. माझ्या चुलत वहिनीला आतड्याचा कॅन्सर झाला, तेव्हा सलाइनमधून इरिनोटेकान दिलं. ते ह्याच द्रव्यापासून बनवतात. वहिनी आज चुलीपुढं बसून भाकऱ्या थापतात. त्यांच्यापुढं झाडाची बाजू कोणत्या तोंडानं मांडू?

पण मजुराचं ‘पोटासाठी केलं’ हेही मी पुरतं मानत नाही. बुंधा राखून तोडलं तर नरक्या परत फुटतो, हे त्याला माहीत असतं. मुळी उपसली की संपलं. भूक खरी, तरी मुळी उपसताना हात थोडा थांबायला हवा. आणि त्याच्या दसपट तरी थांबायला हवा तो घेणाऱ्याचा. त्याला ना भूक, ना रान बघायचं.

2002 च्या जैवविविधता कायद्यात गावाला वाटा द्यायची सोय आहे. त्यासाठी गावात समिती असते. आमच्याकडं तिचा फलक लागलाय, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीशेजारी.