दैनंदिनतेची हमी : एका आरंभभागाचा नैतिक विचार

दैनंदिन जीवन हाच ज्याचा आशय आहे अशा कथनाचा आरंभ रूढ अर्थाने आरंभ नसतो. त्यात संघर्षाचे बीज नसते, रहस्याची सूचना नसते. 13 एप्रिल 1992 रोजी जपानमध्ये सुरू झालेल्या ‘शिनचॅन’ या अ‍ॅनिमेशन मालिकेतली पहिली गोष्ट एवढीच, की पाच वर्षांच्या मुलाला आई सामान आणायला पाठवते. अनेकदा घडणारी गोष्ट एकदाच सांगणाऱ्या कथनाला झेनेतने ‘पुनरावर्ती’ म्हटले आहे. हा आरंभ एका दिवसाचा असूनही ‘असे रोजच चालते’ असे सुचवतो, आणि त्याबरोबर एक वचनही देतो : उद्याही हे घर असेच असेल. हे वचन देण्याचा अधिकार कलाकृतीला कोठून मिळतो, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतीचाही आहे.

हाच प्रसंग घोडपदेवमध्ये कल्पून पाहता येईल. भायखळा आणि कॉटन ग्रीन यांच्यामधल्या या गिरणी-गोदी कामगारांच्या वस्तीत मुलाला वाण्याकडे पिटाळणे ही नित्याचीच बाब. गिरणीचा भोंगा तिथल्या घरांचे घड्याळ होता. पाळी, पगार आणि वाण्याची उधारी यांचे चक्र त्याच्याभोवती फिरे. तरीही हे चक्र सर्वांसाठी सारखे नव्हते. बदली कामगाराला आज काम मिळेल की नाही, हे गिरणीच्या दारात उभे राहिल्यावरच कळे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि कायम कामगाराच्या घरातलेही ‘रोज’ तुटले. कित्येकांनी गावची वाट धरली, कित्येकांच्या घरची भांडी विकली गेली. मुलगा तेव्हाही वहीच घेऊन वाण्याकडे जात होता, पण आता त्या वहीत घराची पत पणाला लागलेली होती. प्रसंगाचा रूपबंध तोच राहिला आणि अर्थ पालटला.

यावरून वास्तववादी समीक्षक असा आक्षेप घेईल, की न बदलणारी दैनंदिनता रंगवणे ही सुस्थितांची चैन आहे; जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (1997) या नाटकासारखी मोडलेल्या घराची संहिताच नैतिक दृष्ट्या खरी. आक्षेपात तथ्य आहे. पण मोडणे कळण्यासाठी जे मोडले त्याचे मोल आधी कळावे लागते. शिवाय नित्यक्रम आपोआप चालत नाही, तो कोणीतरी चालवतो. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांची रोजची जेवणे खाणावळवाल्या बायका रांधत होत्या. 1975मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते याच बायकांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी. ज्याला ‘काहीच घडत नाही’ असे म्हटले जाते, त्याच्या तळाशी हे श्रम आणि हे कर्ज असते.

नैतिक चर्चा मात्र बहुधा भलतीकडेच वळते. ही मालिका भारतात 2006पासून हिंदीतून दाखवली जाऊ लागली, आणि मुलाच्या वात्रटपणामुळे 2008मध्ये तिच्यावर बंदी आली. नाक्यावरच्या पोरांचे रिकामे दिवस मांडणाऱ्या भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’वर (1965) अश्लीलतेचे आरोप झाले, तेव्हाही त्या रिकामपणाचा प्रश्न बाजूलाच पडला. शिष्टाचाराचा भंग चटकन दिसतो. दैनंदिनतेचा आधार दिसत नाही.

दैनंदिनतेच्या कलेची नैतिक कसोटी म्हणूनच ही, की ‘रोज’ कोणाच्या जिवावर चालते याची खूण तिने राखली आहे काय. ‘शिनचॅन’मध्ये ती खूण एका विनोदात आहे. या कुटुंबाच्या घराच्या कर्जाची बत्तीस वर्षे सदैव शिल्लकच असतात. 1996मध्ये मुलाला बहीण होते, पण तो पाचच वर्षांचा राहतो आणि कर्जही तेवढेच. कर्ज फिटत नाही, तशी वडिलांची नोकरीही जात नाही. जपानमधला आर्थिक फुगवटा नुकताच फुटला असताना मालिकेने दिलेले हे आश्वासन भाबडे ठरू शकले असते. मात्र हे घर उसनवारीवर उभे आहे, हे ती विसरू देत नाही. तिथले हसू त्या कर्जासकटच येते. घोडपदेवच्या वाण्याच्या वहीतला आकडा असा थांबून राहणारा नव्हता. कथनातला काळ थांबवण्याचे स्वातंत्र्य कलेला जरूर आहे, पण या दोन आकड्यांमधले अंतर पुसून टाकण्याचे नाही.